पाण्याचा माग : डॉ. जॉन स्नो

एके काळी पटकी हे नाव नुसते उच्चारले, तरी माणसांच्या अंगावर काटा येत असे. सकाळी धडधाकट दिसणारा माणूस दुपारी जुलाब आणि उलट्यांनी कासावीस होई. त्याचे डोळे खोल जात, कातडी निळसर पडे आणि पुष्कळदा दुसरा दिवस उजाडण्यापूर्वीच त्याचा अंत होई. १८१७ साली बंगालमध्ये या रोगाची मोठी साथ उसळली. पुढच्याच वर्षी ती मुंबईला पोचली. त्यानंतर सैन्याच्या, व्यापाऱ्यांच्या आणि जहाजांच्या वाटांनी तिच्या लाटांमागून लाटा जगभर पसरल्या आणि १८३१ साली त्यांतील एक लाट इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. युरोपात या रोगाला कॉलरा म्हणत. तो कशाने होतो, हे मात्र तेथील विद्वान वैद्यांनाही सांगता येत नव्हते. ज्या डॉक्टरने रोगजंतू डोळ्यांनी न पाहता आणि कोणाही रोग्यावर प्रयोग न करता, केवळ कोण आजारी पडले व कोण पडले नाही याचा चिकाटीने शोध घेऊन या रोगाची वाट हुडकून काढली, ते म्हणजे डॉ. जॉन स्नो.

जॉन स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधील यॉर्क या गावी झाला. वडील कोळशाच्या वखारीत मजुरी करीत. नऊ भावंडांत जॉन थोरला. घरची स्थिती बेताचीच असली, तरी आईवडिलांनी मुलाला शिकवले. चौदाव्या वर्षी त्याला न्यूकॅसल येथील एका डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारीसाठी पाठवण्यात आले. त्या काळी वैद्यकाचे शिक्षण असे गुरूच्या घरी राहून, औषधे कुटत आणि रोगी पाहत सुरू होई.

तेथेच कॉलऱ्याशी त्यांची पहिली गाठ पडली. १८३१च्या अखेरीस साथ न्यूकॅसलच्या परिसरात आली आणि अठरा वर्षांच्या या उमेदवाराला जवळच्या किलिंगवर्थ येथील कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्यांच्या शुश्रूषेसाठी धाडण्यात आले. त्यांनी जिवापाड श्रम केले, परंतु रोगी वाचवणे त्यांच्या हाती नव्हते. खाणीतील एक गोष्ट मात्र त्यांच्या मनात राहिली. खाणकामगार दिवसाचे कित्येक तास जमिनीखाली काढत, तेथे शौचाची वेगळी सोय नव्हती, हात धुण्याला पाणी नव्हते आणि त्याच हातांनी ते बरोबर आणलेली शिदोरी खात. या दृश्याचा अर्थ त्यांना पुढे अनेक वर्षांनी उलगडला.

१८३६ साली स्नो वैद्यकाच्या पुढील शिक्षणासाठी लंडनला आले. प्रवास बराचसा पायीच झाला. १८३८ साली त्यांना शल्यचिकित्सकाची सनद मिळाली आणि सोहो या दाटीवाटीच्या भागात त्यांनी आपला व्यवसाय मांडला. १८४४ साली ते लंडन विद्यापीठाचे एम.डी. झाले. स्वभावाने ते अबोल होते, अविवाहित होते. तरुणपणीच त्यांनी मांसाहार सोडला होता, मद्याला ते बहुतेक आयुष्यभर शिवले नाहीत आणि पिण्याचे पाणीही ते शुद्ध करून घेत. अशा माणसाकडे रोग्यांची रीघ लागत नाही. त्यांचेही कित्येक दिवस ओढगस्तीत गेले.

त्यांना कीर्ती मिळवून दिली ती भूल देण्याच्या कलेने. १८४६च्या अखेरीस ईथर हुंगवून वेदनेविना शस्त्रक्रिया करण्याची रीत अमेरिकेतून इंग्लंडमध्ये आली. अनेक डॉक्टर ईथर अंदाजाने देत, आणि मग रोगी मध्येच शुद्धीवर येई किंवा त्याच्या जिवावर बेते. स्नो यांनी हवेच्या तापमानानुसार तिच्यात ईथरची वाफ किती मिसळते याचे गणित मांडले आणि ती मोजून देणारे उपकरण तयार केले. पुढे क्लोरोफॉर्मच्या वापरातही ते लंडनमधील अग्रगण्य तज्ज्ञ ठरले. १८५३ साली व पुन्हा १८५७ साली राणी व्हिक्टोरियाच्या प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म देण्यासाठी त्यांनाच राजवाड्यात बोलावण्यात आले.

वायूंचा हा अभ्यास आणि कॉलऱ्याचा शोध या दोन गोष्टी वरवर पाहता दूरच्या वाटतात. परंतु त्यांचा संबंध घनिष्ठ होता. कुजणाऱ्या घाणीतून दूषित वाफा उठतात, त्या श्वासावाटे शरीरात शिरतात आणि साथीचे रोग होतात, असे त्या काळातील बहुतेक शास्त्रज्ञ व अधिकारी मानत. हे मत अगदीच अडाणीपणाचे नव्हते. जेथे दुर्गंधी, तेथे रोग, हे सर्वांना दिसतच होते. पण वायू कसे पसरतात आणि दूर जाता जाता कसे विरळ होतात, हे स्नो यांना अनुभवाने ठाऊक होते. हवेत विष असेल, तर जे लोक दिवसभर कुजक्या कातड्यांत आणि हाडांत काम करतात ते सर्वांत आधी मरायला हवेत, पण तसे घडत नव्हते. शिवाय श्वासावाटे शिरलेल्या विषाचा परिणाम प्रथम फुप्फुसांवर किंवा सर्व शरीरावर दिसावा. कॉलऱ्याची सुरुवात तर पोटातून होते. तेव्हा रोगाचे बीज तोंडावाटे पोटात जात असले पाहिजे आणि रोग्याच्या मळातून ते पाण्यात मिसळत असले पाहिजे, असा तर्क त्यांनी केला.

१८४९ साली त्यांनी हा विचार एका छोट्या पुस्तिकेत मांडला. लंडनमधील हॉर्सलीडाऊन भागातील दोन लगतच्या चाळवजा वस्त्यांचे उदाहरण त्यांनी दिले होते. एका वस्तीत कॉलऱ्याने हाहाकार उडवला, तर शेजारच्या वस्तीत केवळ एक मृत्यू झाला. हवा दोन्हीकडे एकच होती. पहिल्या वस्तीत मात्र घरांतील सांडपाणी विहिरीत झिरपत होते. समीक्षकांना हे पुरेसे वाटले नाही. संशयित पाणी दूर अंतरावर, जेथे कॉलऱ्याचा मागमूस नाही अशा ठिकाणी नेले जावे, तेथे ते पिणाऱ्यांना रोग व्हावा आणि न पिणारे सुखरूप राहावेत, तरच हे खरे मानता येईल, असे त्यांच्यापैकी एकाने लिहिले. आक्षेप रास्त होता. पण जाणूनबुजून माणसांना घाण पाणी पाजून पाहणे कोणत्याही डॉक्टरला शक्य नव्हते. प्रयोग करता येत नसेल, तर परिस्थितीनेच एखादा प्रयोग मांडून ठेवला आहे का, हे शोधणे एवढेच हाती उरते. स्नो त्याच्या शोधात राहिले.

तशी संधी १८५४ साली आली. लंडनच्या दक्षिण भागात दोन खासगी कंपन्या नळाने पाणी पुरवत. १८४९च्या साथीत दोघीही शहराच्या मैल्याने गढूळ झालेले थेम्स नदीचे पाणी देत होत्या. १८५२ साली लॅम्बेथ कंपनीने आपले पाणी घेण्याचे ठिकाण नदीच्या वरच्या अंगाला, शहराची घाण जेथे पोचत नाही अशा थेम्स डिटन येथे हलवले. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र बॅटरसी येथूनच पाणी घेत राहिली. मोठ्या भागात दोन्ही कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावरून, एकाच गल्लीतून गेलेले होते. एका घरात या कंपनीचे पाणी, तर शेजारच्या घरात त्या कंपनीचे. श्रीमंत व गरीब, स्त्रिया व पुरुष, म्हातारे व मुले, असे सुमारे ३,००,००० लोक आपल्या नकळत दोन गटांत विभागले गेले होते. दोन्ही गट एकच हवा घेत होते आणि सारख्याच वस्तीत राहत होते. फरक होता तो पाण्याचा.

विल्यम फार हे जन्ममृत्यूच्या नोंदणी कार्यालयातील थोर आकडेशास्त्रज्ञ होते. ते स्वतः दूषित हवेचे मत मानणारे होते, तरीही त्यांनी मृतांचे पत्ते स्नो यांना उपलब्ध करून दिले, ही गोष्ट त्यांच्या मोठेपणाची साक्ष देते. ते पत्ते हाती घेऊन स्नो दारोदार फिरू लागले. येथे पाणी कोणत्या कंपनीचे, हा त्यांचा प्रश्न साधा होता, पण भाडेकरूंना उत्तर ठाऊक नसे, कारण पाण्याचे पैसे घरमालक भरत. तेव्हा स्नो यांनी रसायनशास्त्राची मदत घेतली. बॅटरसीपर्यंत समुद्राच्या भरतीचा परिणाम पोचत असल्यामुळे तेथील पाण्यात मिठाचे प्रमाण थेम्स डिटनच्या पाण्यापेक्षा सुमारे चाळीस पट होते. घरातील पाण्याचा नमुना कुपीत घ्यायचा आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. साका दाट पडला, की ते पाणी कोणत्या कंपनीचे हे कळत असे.

साथीच्या पहिल्या चार आठवड्यांतील ३३४ मृत्यूंपैकी २८६ मृत्यू साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनीच्या घरांत झाले होते आणि लॅम्बेथ कंपनीच्या घरांत १४. येथे एखादा वाचक विचारील की, पहिल्या कंपनीची घरेच अधिक असतील, तर मृत्यूही अधिक असणारच. हाच प्रश्न विचारला पाहिजे. नुसती मृतांची संख्या काही सांगत नाही. किती घरांमागे किती मृत्यू, हे पाहावे लागते. पहिल्या सात आठवड्यांच्या अखेरीस स्नो यांनी तो हिशेब मांडला. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, म्हणजे दर १०,००० घरांमागे ३१५. लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८ मृत्यू, म्हणजे दर १०,००० घरांमागे ३७. ही तफावत आठपटींहून अधिक होती.

दक्षिण लंडनमधील ही पायपीट चालू असतानाच त्यांच्या स्वतःच्या घरापासून थोड्याच अंतरावर मृत्यूने थैमान घातले. ३१ ऑगस्ट १८५४च्या रात्रीपासून सोहोमधील ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात माणसे पटापट मरू लागली. दहा दिवसांत पाचशेहून अधिक लोक दगावले. ज्यांना शक्य होते ते घरेदारे सोडून पळाले. काही दिवसांपूर्वी गजबजलेले रस्ते ओस पडले.

स्नो यांचा संशय ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक हातपंपावर गेला. वास्तविक या पंपाचे पाणी चवीला चांगले म्हणून प्रसिद्ध होते. दूरचे लोकही ते मुद्दाम मागवत. स्नो यांनी पाण्याचा नमुना तपासला, तेव्हा त्यांनाही त्यात फारसे वावगे दिसले नाही. मग त्यांनी नोंदणी कार्यालयातून २ सप्टेंबर रोजी संपलेल्या आठवड्यातील मृतांची यादी मिळवली. तीत साथीच्या पहिल्या तीन दिवसांत मरण पावलेल्या ८३ जणांची नावे होती. त्यांपैकी ७३ जणांची घरे या पंपाला जवळ होती. उरलेल्या १० जणांना दुसरा पंप जवळचा होता. येथे एखाद्याने समाधान मानले असते. स्नो यांनी त्या दहाही घरांची चौकशी केली. पाच कुटुंबे ब्रॉड स्ट्रीटचेच पाणी आवडीने आणवीत होती. आणखी तीन मृत ही मुले होती आणि त्यांची शाळा या पंपाजवळ होती. जवळ राहणाऱ्या ७३ जणांपैकी ६१ जण हेच पाणी पीत असल्याचे त्यांच्या नातलगांनी सांगितले.

तितकाच कसून शोध त्यांनी न मेलेल्यांचाही घेतला. पोलंड स्ट्रीटवर निराधारांसाठी चालवलेले एक श्रमगृह होते. त्याच्या सभोवतालची घरे मृत्यूने ग्रासलेली होती, पण आतील ५३५ रहिवाशांपैकी केवळ ५ जण मरण पावले. श्रमगृहाला स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच बिअर गाळण्याचा एक कारखाना होता. तेथील ७० हून अधिक कामगारांपैकी एकही दगावला नाही. कामगारांना पिण्यासाठी बिअर मिळे आणि कारखान्याच्या आवारात वेगळी विहीर होती, त्यामुळे पंपाकडे कोणी फिरकतच नसे. जन्मभर मद्याचा निषेध करणाऱ्या स्नो यांनी हा पुरावा मोकळेपणाने नोंदवला.

सर्वांत विलक्षण हकीकत शहराबाहेर सापडली. हॅम्पस्टेड या दूरच्या, स्वच्छ हवेच्या गावी एक वृद्ध विधवा कॉलऱ्याने वारली होती. त्या गावात दुसरा एकही रोगी नव्हता. चौकशीत कळले, की ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात राहत असे आणि तेथील पाण्याची तिला इतकी गोडी होती, की गाडीवानाकरवी ती रोज एक मोठी बाटली भरून मागवीत असे. तिला भेटायला आलेल्या पुतणीनेही ते पाणी प्याले आणि इझ्लिंग्टन येथे आपल्या घरी परतल्यावर तिचाही अंत झाला. तिच्या घराच्या आसपासही कॉलरा नव्हता. समीक्षकाने पाच वर्षांपूर्वी मागितलेला पुरावा तो हाच.

७ सप्टेंबर रोजी सायंकाळी स्नो स्थानिक समितीपुढे हजर झाले. त्यांच्या हाती कोणताही अधिकार नव्हता. त्यांनी आपली माहिती मांडली आणि पंप बंद करावा अशी विनंती केली. सदस्यांची खात्री पटली होती असे नाही, पण दुसरा उपायही त्यांना सुचत नव्हता. ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला.

दांडा निघाला आणि साथ थांबली, अशी गोष्ट पुढे रूढ झाली. ती पूर्णपणे खरी नाही. लोक पळून गेल्यामुळे साथ आधीच ओसरू लागली होती आणि स्नो यांनी स्वतःच हे प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. त्यांचा प्रसिद्ध नकाशाही नंतर तयार झाला. त्यात प्रत्येक मृत्यू घराच्या जागी एका काळ्या रेघेने दाखवला आहे, आणि त्या रेघा ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाट होत गेलेल्या आहेत. नकाशा पाहून त्यांना कल्पना सुचली नाही. आधी सुचलेली कल्पना इतरांना पटवून देण्यासाठी त्यांनी नकाशा काढला.

या कथेतील आणखी एका माणसाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. हेन्री व्हाइटहेड हे त्या वस्तीतील तरुण धर्मोपदेशक. पंपाविषयीचे म्हणणे खोटे ठरवावे, या हेतूनेच त्यांनी चौकशी आरंभली. एकेका कुटुंबाकडे ते अनेकदा गेले. स्नो यांनी मुख्यतः मृतांच्या घरी विचारपूस केली होती. व्हाइटहेड यांनी जे वाचले, जे आजारीच पडले नाहीत, त्यांनाही तोच प्रश्न विचारला. त्यांना आढळले, की ब्रॉड स्ट्रीटवर पंपाचे पाणी पिणाऱ्या १३७ जणांपैकी ८० जणांना कॉलरा झाला आणि न पिणाऱ्या २९७ जणांपैकी २० जणांना. आपले मत चुकीचे होते, हे त्यांनी मान्य केले. एवढेच नव्हे, तर साथीचा आरंभ कोठून झाला तेही त्यांनीच शोधले. ४० क्रमांकाच्या घरात एक तान्हे मूल जुलाबाने आजारी होते. आई त्याचे लंगोट धुऊन ते पाणी घराच्या मलकुंडात ओतत असे. खणून पाहिले, तेव्हा मलकुंडाच्या विटा झिजलेल्या आढळल्या. पंपाची विहीर तेथून तीन फुटांहूनही कमी अंतरावर होती.

इतके होऊनही सरकारी आरोग्य मंडळाच्या चौकशी समितीने स्नो यांचे म्हणणे फेटाळले. १८५५ साली त्यांनी आपला ग्रंथ वाढवून पुन्हा प्रसिद्ध केला. त्यासाठी पदरचे २०० पौंडांहून अधिक खर्चले. विकल्या गेल्या ५६ प्रती, आणि हाती आले ३ पौंड १२ शिलिंग. १० जून १८५८ रोजी भूल देण्याच्या शास्त्रावरील ग्रंथ लिहीत असतानाच त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १६ जून रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. लॅन्सेट या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकाने त्यांच्या निधनाची दोन ओळींत दखल घेतली. तीत क्लोरोफॉर्मचा उल्लेख होता, कॉलऱ्याचा नव्हता. ती उणीव त्या नियतकालिकाने २०१३ साली, स्नो यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाल्यावर, भरून काढली.

१८६६ साली पूर्व लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा मृत्यूंचे आकडे पाहून विल्यम फार यांनी प्रथम पाण्याच्या कंपनीचीच चौकशी केली. तोवर त्यांचे मत पालटले होते. १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कोलकात्यात संशोधन करताना कॉलऱ्याचा जंतू रोग्यांच्या आतड्यांत आणि तेथील एका तलावाच्या पाण्यात दाखवून दिला. स्नो यांना जाऊन तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती. माणसांवर प्रयोग न करता, जे घडले आहे त्याचे निरीक्षण करून व गटांची तुलना करून रोगाचे कारण शोधण्याच्या रीतीला आज निरीक्षणात्मक अभ्यास म्हणतात. साथरोगशास्त्राचा विद्यार्थी त्याचे पहिले धडे बहुधा स्नो यांच्या कोष्टकांवरूनच गिरवतो.

ब्रॉड स्ट्रीटचे नाव आता ब्रॉडविक स्ट्रीट झाले आहे. तेथे जुन्या पंपाची एक प्रतिकृती उभारलेली आहे आणि तिला मुद्दामच दांडा बसवलेला नाही. शेजारच्या कोपऱ्यावर एक मद्यगृह आहे. त्याच्या पाटीवर नाव आहे जॉन स्नो यांचे.